उबाल माझ्या माथी

“याचा उबाल माझ्या माथी. तू नुसता काप,” म्हातारी म्हणाली, आणि झाडावर चढायच्या पट्ट्याची कडी लावता लावता माझा हात थांबला. ती अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर बसून पीठ मळत होती. बोलताना तिनं मान वरसुद्धा केली नाही. मी या शहरातला जुना झाडवाला. लोकांची झाडं छाटायची, फाटलेल्या फांद्या तारेनं बांधायच्या, कीड लागली तर औषध भरायचं आणि बहुतेक वेळा सरळ आडवी करायची, यावर माझं घर चालतं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी माझ्याखेरीज कोणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. ते म्हणायचं काम माझं. करवत, दोर, पाचरा यांच्याबरोबर तेही मी घेऊन जायचो आणि गिऱ्हाइकानं डोळ्यांनी खुणावलं की काढून द्यायचो. आज कोणीतरी माझ्या पिशवीत हात घालून माझीच वस्तू उचलली होती, आणि वर पीठही मळत होतं.

बिश्केकमधली माणसं देवाला फारशी घाबरत नाहीत. पोलिसाला घाबरतात, सासूला घाबरतात आणि उबालाला घाबरतात. मुक्या जिवाला दुखवलं की जे पाप लागतं तो उबाल. पाखराचं घरटं मोडा, भाकरीवर पाय द्या, उभं झाड पाडा, तो लागणारच. तुम्हाला नाही लागला तर तुमच्या पोराबाळांना लागणार. मी वनशास्त्र शिकलेला माणूस, मला यात खोडाची साल आणि आतलं लाकूड यापलीकडे काही दिसत नाही. पण गिऱ्हाइकाला झाडही नको असतं आणि उबालही नको असतो. म्हणून तो मला बोलावतो. फोनवर आवाज मोठा असतो. अंगणात उतरला की लहान होतो. मी दोर टाकायला लागलो की हा घरात जातो, पडदा ओढतो, किंवा एकाएकी त्याला दुकानातून काहीतरी आणायचं आठवतं. परत आला की माझ्या हातात एक रोटी कोंबतो आणि खाली बघत पुटपुटतो, “शाके, तेवढं ते म्हणा ना.” माझं नाव शार्शेन, पण काम असलं की सगळ्यांना आदरानं शाके म्हणता येतं. मग मी म्हणतो, “उबाल माझ्या माथी.” त्याचे खांदे खाली येतात, चेहऱ्यावर रक्त येतं, आणि लगेच तो विचारतो की ओंडके तुम्ही नेणार की आम्हाला हिवाळ्याला होतील.

सुरुवातीला मी असा नव्हतो, असं माझी बायको अनारकुल म्हणते. असेनही नसेन. शहराच्या बागखात्यातून आम्हाला एकदम कमी केलं तेव्हा मी आणि तिचा भाऊ झिरगाल, दोघांनी मिळून एक जुनी करवत आणि गिर्यारोहकांचे वापरलेले दोर विकत घेतले. झिरगालला चढता येत होतं, मला झाडं कळत होती. पत्र्याची पाटी रंगवली: झाडांची निगा. पहिलं गिऱ्हाईक पाटीसमोर बराच वेळ उभं राहिलं आणि म्हणालं, “निगा म्हणजे कुठून कापता? बुंध्यातून की कमरेतून?” झिरगाल हसून हसून खाली बसला. मी हसलो नाही. मला वाटलं, लोकांना माहीत नाही, सांगितलं की कळेल. बिनडोकपणा वेगळा आणि अडाणीपणा वेगळा, हे कळायला मला धंद्याची बरीच वर्षं घालवावी लागली. अडाणी माणसाला सांगता येतं.

एका वसंतात मोठं वादळ आलं आणि कारागाचच्या फांद्या गाड्यांवर पडल्या. कारागाच म्हणजे आमच्या रस्त्यांचं झाड. उन्हाळा त्यांच्याच सावलीत जातो, आणि वर बघायची गरज कोणाला पडत नाही. त्या वादळानंतर मात्र सगळं शहर वर बघायला लागलं. फोन थांबेना. जे काल मला झाडू मारणारा समजत होते ते माझ्यासाठी खुर्ची आणायला लागले. आम्ही शिडीची जुनी गाडी घेतली, आणखी माणसं ठेवली, अनारकुलनं बैठकीत नवा गालिचा टाकला. तेव्हा मी खरोखर निगा राखली. वाळकं काढलं, जड फांद्या हलक्या केल्या, फाटे तारेनं आवळले. लोक विचारायचे, “आता पडणार नाही ना?” मी सांगायचो, पुढच्या वर्षी परत दाखवा. पुढच्या वर्षी वादळ आलं नाही. एकही परत आला नाही. भीती ओसरली की माणूस किती लवकर मूळ पदावर येतो, याच्यावर कोणी अभ्यास केला असेल तर मला वाचायला आवडेल. शिडीची गाडी विकली. माणसं रशियाला गेली. मग बाजारात खेळण्यासारख्या स्वस्त करवती आल्या आणि ज्याला ज्याला दोन हात होते तो झाडांचा डॉक्टर झाला.

बालवाडीच्या एका मुख्याध्यापिकेनं बोलावलं होतं. जूनमध्ये पॉपलरचा कापूस उडतो, मुलांच्या नाकात जातो, पालक ओरडतात. म्हणाली, “सगळ्यांची मुंडकी उडवा.” मी तिला नीट समजावलं की वरून कापलं तर एका फांदीच्या जागी झाडू उगवेल, दोन वर्षांत कापूस दुप्पट होईल, आणि आतून लाकूड सडून कधीतरी ते पोरांवरच येईल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. “शाके, तुम्ही फार शिकलेले. पण दोन वर्षांनी माझी बदली झालेली असेल.” काम दुसऱ्याला गेलं. आजही त्या रस्त्यानं गेलं की ते हात तुटलेले पॉपलर दिसतात, आणि मार्चमध्ये सणाच्या आधी बाया त्यांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत पांढरा चुना फासतात. मढ्याला मोजे घालावेत तसं. आणि तो दातांचा डॉक्टर. त्याच्या पाटीसमोर चेस्टनट होतं, असं सुंदर की मी दोनदा फेरी मारून पाहिलं. मी म्हणालो झाड निरोगी आहे. तो मला थोरला भाऊ करत म्हणाला, “माहीत आहे, बाइके. आजारी असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं, ते आपोआप गेलं असतं.” त्याच्या झाडाचाही उबाल माझ्या माथी. हॉटेलवाल्याचा, हमामवाल्याचा, गाडीला सावली पडते म्हणून वैतागलेल्या आणि पुढच्या जुलैत सावली नाही म्हणून वैतागलेल्या त्या वकिलाचा, सगळ्यांचा. अनारकुल दर शुक्रवारी तेल तापवून त्यात कणकेचे तुकडे, बोर्सोक, तळते, त्याचा वास वर जावा म्हणून, आणि ते शेजारीपाजारी वाटते. कशासाठी ते ती सांगत नाही. मी तिला म्हणतो, तू माझ्या पापांची धोबीण. ती म्हणते, “तुम्ही जेवा गुपचूप.”

तर हे कारागाच. शहराच्या उत्तरेच्या कडेला, जिथं घरं बुटकी होतात आणि पाटाचं पाणी अजून मातीतून वाहतं, तिथं या म्हातारीचं, साल्किन आपाचं घर. तिच्या मुलानं, मेदेरनं, आदल्या दिवशी मला दाखवायला नेलं होतं. तिशी ओलांडलेला, मॉस्कोहून आणलेलं चकचकीत जाकीट, बोलताना सारखा किल्ल्या वाजवणारा. झाड घराच्या आधीचं होतं हे बघताक्षणी कळत होतं. घर त्याच्या सावलीत येऊन बसलं होतं आणि पाट त्याच्या मुळांना वळसा घालून गेला होता. मी लाकडी हातोडीनं बुंध्याला चहूबाजूंनी ठोकलं. भरीव आवाज. कुठं पोकळी नाही, कुजकं नाही. मेदेर म्हणाला, “ठोकताय काय, आत कोणी आहे का?” आणि स्वतःच हसला. त्याला तिथं गाड्या धुण्याचं केंद्र काढायचं होतं. गाडी आत यायला नेमकी हीच जागा. मी म्हणालो झाड ठेवूनही गाडी वळेल, मी आखून देतो. तो म्हणाला, “पानं पडतील ना धुतलेल्या गाडीवर.” या उत्तरानं मला मनापासून समाधान वाटलं. असं उत्तर मिळालं की मला कसं मोकळं वाटतं. माणसाबद्दल काही शिल्लक ठेवायची गरज उरत नाही.

आज सकाळी आम्ही पोचलो तेव्हा मेदेर बुंधा उपटायला ट्रॅक्टर बघायला गेला होता, म्हणजे सटकला होता. झिरगाल गाडीतून दोर उतरवत होता. मी म्हातारीकडे गेलो. खरं सांगायचं तर मी मुद्दाम गेलो. इतकी वर्षं मी एका माणसाची वाट बघत होतो, जो म्हणेल, नको, राहू दे. असं कोणी म्हटलं तर काम सोडून, पुढची दोन कामं सोडून मी दोर गुंडाळीन आणि त्याच्या घरी चहा पिऊन निघेन, असं मी मनाशी किती वेळा ठरवलं होतं. म्हातारी साठ-पासष्टच्या पुढची, डोक्याला पांढरा रुमाल, कोपरापर्यंत पिठाचे हात. मी म्हटलं, “आपा, झाड ठणठणीत आहे. तुमच्या नातवाच्या नातवालाही पुरेल. अंगण तुमच्या नावावर आहे. तुम्ही नको म्हणा, आम्ही आत्ता परत जातो. तुमच्या मुलाला मी सांगेन.”

“नातू कुठाय अजून,” ती म्हणाली. पीठ उलटलं, मुठीनं दाबलं. “तिकडं मॉस्कोत गोदामात पेट्या उचलून कंबर मोडून आला माझा मेदेर. एकदा तुरुंगात टाकलं होतं कागद नव्हते म्हणून, मला सांगितलं नाही, मला शेजारणीकडून कळलं. हे नाही झालं तर परत जाईल. आता गेला तर येणार नाही, मला माहीत आहे. झाड माझ्या ओळखीचं आहे, बाळा, सून होऊन आले तेव्हापासून. पण ते काही मला विचारत नाही, आई, चहा घेतलास का.”

“तो विचारतो?” मी म्हणालो. माझी जीभ अशीच आहे.

“कधी कधी,” ती म्हणाली, आणि जराही रागावली नाही. मग तेच वाक्य म्हणाली. उबाल तिच्या माथी, मी नुसतं कापायचं. मी पट्ट्याची कडी हातात धरून उभा. “आणि एक कर. त्याला हे कळू देऊ नकोस. तो तुला विचारेल, सगळेच विचारत असतील तुला. तू तुझं नेहमीचं म्हण. भित्रा आहे तो, लहानपणापासून. उबाल आईवर गेला म्हटलं तर रात्रीची झोप जाईल त्याची.”

मी कडी लावली आणि वर चढलो. चढण्याचं काम झिरगालचं, पण मला खाली थांबायचं नव्हतं. कारागाचची साल हाताला खरखरीत, उन्हात तापलेली. वरून शेजारची अंगणं दिसत होती: वाळत घातलेले गालिचे, कोंबड्या, प्रत्येक अंगणात एखादं जर्दाळू नाहीतर सफरचंद, जे माझं पुढचं गिऱ्हाईक. मी पहिली फांदी कापली आणि आंबूस वासाचं पाणी माझ्या मनगटावरून आत बाहीत गेलं. या झाडात असं पाणी साठतं. झिरगालनं दोरानं फांदी हळूच उतरवली. दुसरी. तिसरी. आणि प्रत्येक फांदीबरोबर मी ते वाक्य तयार करत होतो जे मेदेरला सांगायचं होतं. कारण मी सांगणारच होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाती असलं काही लागलं होतं. तो किल्ल्या वाजवत येईल, खाली बघेल, म्हणेल शाके ते तेवढं म्हणा. आणि मी म्हणेन, माझ्या माथी जागा नाही रे बाबा. तुझ्या आईनं सकाळीच घेतला. जा, तिला विचार परत देते का. त्याचा चेहरा कसा होईल ते मला वरून स्पष्ट दिसत होतं. दातांच्या डॉक्टरचा, वकिलाचा, मुख्याध्यापिकेचा, सगळ्यांचा चेहरा त्या एका चेहऱ्यात पांढरा पडणार होता. मी वाक्याचे शब्द पुढेमागे करून बघितले. आवाज कुठं खाली आणायचा तेही ठरवलं.

मग खाली बघितलं तर म्हातारी पिठाची परात धुऊन ते पाणी घेऊन येत होती. झिरगालनं हात वर करून मला खूण केली, मी करवत बंद केली. ती फांद्यांच्या ढिगातून वाट काढत बुंध्यापाशी आली, ते गढूळ पांढरं पाणी मुळाशी ओतलं, रोज ओतत असेल तसं, परात झटकली आणि परत गेली. तिच्या लक्षात आलं का नाही, मला कळलं नाही. मी फांदीवर बसून राहिलो. मला राग आला. कोणाचा ते सापडेना. मेदेरचा राग तयार होता पण तो पुरला नाही. मला एकदम असं वाटायला लागलं की मी आजवर तोंडानं ‘माझ्या माथी’ म्हणत आलो आणि मनात दर वेळी ते ज्याचं त्याच्या माथी टाकून दिलं. तो वकील, तो डॉक्टर, मी कोण, मी नुसता करवत धरणारा. ते माझ्यावर ढकलायचे, मी त्यांच्यावर ढकलायचो, आणि वर त्यांची कीव करायचो. एवढी झाडं मी आडवी केली, आणि त्यातल्या एकाचाही उबाल कोणी खरा घेतलेला नव्हता. ही म्हातारी पहिली होती. आणि तिला त्याबद्दल माझ्याकडून काही नको होतं, फक्त एक खोटं हवं होतं.

“झोपलास का वर?” खालून झिरगाल ओरडला.

“तू दोर बघ तुझा,” मी म्हणालो आणि करवत सुरू केली.

दुपारपर्यंत नुसता बुंधा उरला. मी खाली उतरून त्याला खाच घातली, मागून कापत आणलं, पाचर ठोकली. कारागाचचं लाकूड चिवट, तंतू शेवटपर्यंत सोडत नाहीत. मग सुटले. जमीन हादरली, चौथऱ्यावरच्या वाट्या वाजल्या आणि अंगणात एकदम इतका उजेड आला की घराची भिंत किती मळकी आहे ते दिसलं. मेदेर बरोब्बर तेव्हा फाटकातून आत आला. सगळे असेच येतात. त्यानं पडलेल्या बुंध्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं, किल्ल्या खिशात टाकल्या. म्हातारी दारात उभी होती, ओले हात झग्याला पुसत.

“शाके,” तो म्हणाला. मग जवळ आला. त्याच्या अंगाला अत्तराचा आणि सिगरेटचा वास होता. “आईचा या गोष्टींवर विश्वास आहे, तिला बरं वाटेल म्हणून. ते जे म्हणता ना तुम्ही लोक. तेवढं म्हणून टाका.”

आईला बरं वाटेल म्हणून. याहून उत्तम संधी मला कोणी दिली नसती. माझं वाक्य तयार होतं, शब्द जागच्या जागी होते. मी तोंड उघडलं आणि मला दारातली ती दिसली. ती विनवणी करत नव्हती. बाजारात भाव ठरलेला असतो आणि माणूस माल बांधून देण्याची वाट बघतो, तशी उभी होती. त्या वाक्यासाठी मी सबंध सकाळ झाडावर घालवली होती, कदाचित वीस वर्षं घालवली होती, आणि ते मी गिळलं.

“उबाल माझ्या माथी,” मी म्हणालो.

मेदेरचे खांदे खाली आले. “अल्ला तुमचं भलं करो, बाइके,” तो म्हणाला, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि ओंडक्यांभोवती फिरायला लागला. “हे चांगलं जळेल का हो? की फोडायला त्रास देतं?” मी सांगितलं, त्रास देतं. झिरगाल माझ्याकडे विचित्र बघत होता. असल्या प्रश्नाला मी नेहमी काहीतरी लागट बोलतो, आणि तो त्याचीच वाट बघत होता.

जेवणाआधी हात धुवायला म्हातारी सुरई आणि घमेलं घेऊन आली. मेदेर आणि झिरगाल आधीच चौथऱ्यावर बसले होते, तळलेल्या बोर्सोकांचा वास येत होता. मी हात पुढे केले, तिनं पाणी धरलं. बोटांवरचा तो आंबूस चिकटा निघता निघेना.

“छान म्हणालास,” ती हळूच म्हणाली. “एखाद्याला खरंच वाटावं.”

“खरंच घेतला असता मी, आपा.” हे मी का म्हणालो मला माहीत नाही. मी तर यातलं काही मानत नाही.

“तुझ्या घेण्याला काय अर्थ. मी आधी बोलले.” तिनं सुरई आणखी कलती केली. “आपल्या तोंडानं मागून घेतलेला माणसाबरोबर कबरीत जातो, तिथं संपतो. माझं काय, किती दिवस राहिलेत. दुसऱ्यानं ढकललेला असतो तो नाही संपत. तो पुढं पोरांकडं जातो.” मग ती थांबली. पाणीही थांबलं. तिनं पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. “तू हे सगळ्यांसाठी म्हणत असशील.”

“धंदाच आहे, आपा.”

“तुला मूलबाळ आहे का रे?”

मी हात तसेच पुढे धरून उभा राहिलो. मागं मेदेर कशावरून तरी मोठ्यानं हसला. इतकी वर्षं, इतकी अंगणं, रोटी कोंबणारे इतके हात, आणि हा प्रश्न मला आजवर एकानंही विचारला नव्हता.

“एक मुलगी आहे,” मी म्हणालो.